माप खरं द्या

बचत गटाची बैठक संपली की आपल्या गप्पा मुलांच्या शिक्षणावर येतात. कुणाची लेक पुण्याला निघालेली असते, तर कुणाच्या लेकाने अकरावीला जर्मन घेतलेलं असतं. आज आम्ही कॉलेजच्या सुरुवातीला होणाऱ्या परदेशी भाषेच्या चाचणीबद्दल बोलणार आहोत. ही चाचणी काय असते हे ठाऊक नसल्यामुळे आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीने बारावीला जर्मन घेतलं होतं. मार्क चांगले पडतात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून घेतलं. मार्क पडलेही. मग पुण्याच्या एका कॉलेजात बी.ए.ला प्रवेश मिळाला आणि फी-हॉस्टेलसाठी गटातून वीस हजारांचं कर्ज दिलं. कॉलेज सुरू होण्याआधी घरूनच मोबाईलवर जर्मनची चाचणी द्यायची होती. परीक्षा म्हटल्यावर आम्हीच घाबरलो. "भावाला शेजारी बसव, उत्तरं शोधून देईल," असं आम्हीच म्हणालो. मुलीला वरचा वर्ग मिळाला आणि आम्ही पेढे वाटले.

महिन्याभरात तिचा रडत फोन आला. वर्गात बाई जर्मनमधूनच बोलायच्या, बाकीची मुलं उत्तरं द्यायची आणि हिला प्रश्नसुद्धा कळायचा नाही. "मला घरी यायचंय" एवढंच ती म्हणत होती. घरात वेगळंच सुरू झालं. शिकणं जमत नसेल तर स्थळं बघू, असं वडील म्हणू लागले.

शेवटी ताईने दोन दिवसांची मजुरी बुडवली आणि आम्ही दोघी पुण्याला गेलो. तिथल्या बाईंना खरं ते सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, ही चाचणी पास-नापासाची नव्हतीच. कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं, एवढंच त्यातून बघतात."

आम्ही गप्प झालो. शिंप्याकडे ब्लाऊजचं माप देताना पोट आत ओढून उभं राहावं, तसं आम्ही केलं होतं. माप लहान आलं म्हणून तेव्हा बरं वाटतं, पण घालताना शिवण उसवते.

बाईंनी चाचणी कशी चालते तेही समजावलं. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. काही चाचण्यांत तर उत्तर बरोबर आलं की संगणक पुढचा प्रश्न आणखी अवघड देतो. म्हणजे भाऊ जितकी उत्तरं सांगत होता, तितकी मुलगी वर ढकलली जात होती.

भाषा किती येते हे मोजायच्या शिड्या ठरलेल्या आहेत. युरोपातली शिडी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिला सहा पायऱ्या आहेत: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. ए-१ म्हणजे नाव-गाव सांगणं, साधी खरेदी करणं. सी-२ म्हणजे जवळपास त्या भाषेतल्या माणसासारखं वाचणं-बोलणं. जपानीची शिडी उलटी मोजतात. एन-५ सगळ्यात खालची पायरी आणि एन-१ सगळ्यात वरची. त्यामुळे लेक "एन-५ झाले" म्हणाली तर तिला शाबासकी द्या, पण शिडी अजून बाकी आहे हेही ओळखा.

आणि खालच्या वर्गात बसणं म्हणजे मुलगी 'ढ' आहे असं मुळीच नाही. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, तो-ती-ते. पण तिथे सूर्य 'ती' आहे आणि चंद्र 'तो'. मुलगी या अर्थाचा त्यांचा नेहमीचा शब्द तर 'ते' आहे. आपण नाही का मायेने "पोरगं दमलं गं" म्हणत, तसं! हे सगळं पाठ व्हायला वेळ लागतो. पाया कच्चा राहिला तर पुढचं डोक्यावरून जातं.

तर मैत्रिणींनो, आम्ही शिकलो ते चार गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट, चाचणी कशासाठी आहे ते कॉलेजला विचारा. काही परीक्षा प्रवेशाच्या असतात, त्यांत गुण मोजतात. काही फक्त वर्ग ठरवण्याच्या असतात. भाषा अजिबात शिकलेली नसेल तर तसं सरळ सांगा. अशा मुलांना बहुतेक ठिकाणी चाचणी न घेता पहिल्या वर्गात बसवतात.

दुसरी, चाचणी मुलीला एकटीला देऊ द्या. मोबाईलला रेंज असेल अशी शांत जागा द्या, तेवढा वेळ चुलीपाशी हाक मारू नका. येत नाही तिथे "माहीत नाही" असा पर्याय असेल तर तो निवडू दे. आणि सोपे मार्क मिळतील म्हणून मुद्दाम चुकवूही नका. येतं तेच पुन्हा शिकण्यात वेळ आणि फी दोन्ही जातात.

तिसरी, वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच लेकीला विचारा, "शिकवलेलं कळतंय का?" फार अवघड किंवा फार सोपं वाटत असेल तर लगेच शिक्षकांना भेटायला सांगा. सुरुवातीला वर्ग बदलणं सोपं असतं.

चौथी, ही चाचणी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. जर्मनीत नर्स म्हणून काम करायचं तर साधारण बी-२ पर्यंतची भाषा लागते. त्यासाठी वेगळी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. कुणी एजंट "चाचणी झाली, आता नोकरी पक्की" म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका.

आमच्या ताईच्या मुलीला बाईंनी खालच्या वर्गात घेतलं. महिनाभराच्या वह्या तिने उतरवून काढल्या. दिवाळीला घरी आली तेव्हा आजीला जर्मनमध्ये एक ते दहा म्हणून दाखवत होती आणि आजी तिच्यामागून म्हणत होती. स्थळांचा विषय आता निघत नाही. कर्जाचा हप्ता वेळेवर येतो.

तुमच्या गटात कुणाची मुलं यंदा कॉलेजला जाणार असतील तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आमची चूकही सांगा, आम्हाला त्याची लाज नाही. येतो आम्ही. नमस्कार.