घोड्यांची वाहतूक : शास्त्र, कायदा आणि व्यवस्था



२०१२ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टू यांची संख्या ६.२५ लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३.४ लाखांवर आली. तरीही सारंगखेडा, पुष्कर येथील घोडेबाजार, शर्यती व लग्नसमारंभ यांसाठी घोड्यांची ने-आण सुरूच आहे. त्यामुळे त्यांची सुरक्षित वाहतूक हा पशुकल्याणाबरोबरच पशुपालकाच्या उपजीविकेचाही प्रश्न ठरतो.

घोडा हा धोका जाणवताच पळून जाणारा प्राणी होय. अंधाऱ्या, अरुंद वाहनात चढण्यास तो नकार देतो, तो हट्टामुळे नव्हे, तर भीतीमुळे. मारझोड केल्यास ही भीती अधिकच दृढ होते. प्रवासात तोल सावरताना त्याचे स्नायू सतत ताणलेले राहतात. डोके दीर्घकाळ उंच बांधल्यास श्वासमार्गातील स्राव साचून फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. पाणी अपुरे पडल्यास पोटशूळ उद्भवू शकतो.

या वस्तुस्थितीचे प्रतिबिंब प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खालील प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये दिसते. त्यात घोडे, खेचरे व गाढवे यांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. प्रवासापूर्वी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, चारा-पाणी आणि चढ-उतारासाठी योग्य रॅम्प आवश्यक आहे. मालवाहू वाहनाचा तळ न घसरणारा असावा. दोन जनावरांमध्ये किमान ८ सें.मी. व्यासाचे बांबू असावेत. डोकी समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर, म्हणजे डावीकडे असावीत. एका वाहनात ४ ते ६ जनावरे, सोबत एक परिचर आणि ताशी ३५ कि.मी.ची वेगमर्यादा, असा हा दंडक आहे.

वेग कमी असल्यास धक्के कमी बसतात. मात्र प्रवास लांबतो. म्हणून वाटेतील पाणी व विश्रांती यांना वेगमर्यादेइतकेच महत्त्व आहे. प्रमाणपत्रही निव्वळ औपचारिकता नव्हे. ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा घातक रोग बाधित घोड्याबरोबर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचतो.

केवळ दंडात्मक कारवाईने हे नियम अमलात येणार नाहीत. बाजारतळावर पक्का रॅम्प, पाण्याचा हौद व पशुवैद्यक उपलब्ध नसेल, तर छोट्या पशुपालकाने नियम पाळावेत तरी कसे? म्हणूनच प्रशिक्षित चालक-परिचर आणि बाजारतळावरील मूलभूत सुविधा यांची जोड मिळाली, तरच कायद्याचा हेतू सफल होईल.