बँकेची ताण-चाचणी



पाऊस लांबला, दुधाचा दर पडला आणि त्यातच घरात आजारपण आलं, तर घर किती दिवस चालेल? हा हिशेब आम्ही बचत गटातल्या बायका मनातल्या मनात नेहमी मांडतो. बँकांचाही असा हिशेब असतो. त्याला म्हणतात स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ताण-चाचणी. घडलेलं काहीच नसतं. मंदी आली, कर्जं थकली, असं कागदावर धरायचं आणि बँकेचं स्वतःचं भांडवल किती उरतं ते मोजायचं.

अमेरिकेत २००९ मध्ये १९ मोठ्या बँका अशा तपासल्या. त्यातल्या १० बँकांना मिळून सुमारे ७५ अब्ज डॉलर आणखी उभारायला सांगितलं. निकाल नावानिशी जाहीर झाले, तेव्हा लोकांना जरा धीर आला.

पण चाचणीत जे विचारलं, तेवढंच कळतं. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या मध्यवर्ती बँकेने जो वाईट प्रसंग धरला, त्यात व्याजदर उतरतात असं होतं. मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, ती चढलेल्या दरांनी. जुन्या रोख्यांची किंमत घसरली आणि ठेवीदार एकदम पैसे काढायला धावले. ती बँक तर त्या वर्षीच्या चाचणीत नव्हतीच!

आणि वहीच खोटी असेल तर? आपल्याकडे पीएमसी बँकेने एका बांधकाम समूहाची कर्जं दडवली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. मुलीच्या लग्नाचे पैसे असोत की म्हाताऱ्याच्या औषधाचे.

रिझर्व्ह बँक आपल्या चाचण्यांचे निकाल वर्षातून दोनदा वित्तीय स्थैर्य अहवालात छापते, पण त्यात एकेका बँकेचं नाव नसतं. म्हणून आपल्या सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल मागून घ्या. त्यात भांडवल पर्याप्तता आणि निव्वळ एनपीए हे दोन आकडे शोधा, गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघा. भागधारक असाल तर सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारा. चहा-वड्यासाठीच जायचं असं थोडंच आहे?

बँकेतल्या ठेवीला २०२० पासून, एका बँकेत एका ठेवीदारामागे, व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आपल्या गटाचे पैसे यांपैकी कुठे आहेत, ते पासबुकावरचं नाव नीट वाचून आजच बघा.