वारशाचा खर्च कोणी सोसायचा?

(वर्धा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



१९७४ च्या मार्चमध्ये चीनमधील शीआन शहराजवळ अवर्षणाने गांजलेले शेतकरी विहीर खणत असताना त्यांच्या कुदळीला भाजलेल्या मातीच्या मूर्तीचे तुकडे लागले. चीनचा पहिला सम्राट छिन श् हुआंग याच्या थडग्याची राखण करणारी मृण्मय सेना त्यातून प्रकट झाली. तीत सुमारे ८,००० सैनिक असावेत, असा अंदाज आहे. १९७९ साली तेथे संग्रहालय उघडले आणि १९८७ साली ते स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. सम्राटाचा मुख्य दफनकक्ष मात्र अद्याप उघडलेला नाही.

या वैभवाने जगाचे डोळे दिपले. पण हे श्रम कोणाचे होते? सुमारे शंभर वर्षांनंतर लिहिणारा इतिहासकार स्समा छिएन सांगतो की, या कामावर सात लक्ष माणसे राबली आणि अखेरीस कारागिरांना थडग्यातच कोंडण्यात आले. आकड्यात अतिशयोक्ती असू शकेल. परंतु थडग्याच्या परिसरात मजुरांची दफनभूमी सापडली आहे. तेथील खापरांवर मृतांची नावे व गावे कोरलेली आहेत. त्यांपैकी काही जण राजसत्तेचा दंड किंवा देणे अंगमेहनतीने फेडीत होते, असे त्यांवरून दिसते. वेठीचा याहून बोलका दाखला कोणता? मृण्मय सैनिकांवरही कारागिरांची नावे आढळतात; ती गौरवासाठी नव्हती, कामात दोष निघाल्यास जाब विचारता यावा म्हणून होती.

विदर्भात असे सम्राटाचे थडगे नाही; परंतु येथील दफनांचा वारसा त्याहून जुना आहे. नागपूर जिल्ह्यातील जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड आणि या वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा येथे महापाषाणयुगीन शिलावर्तुळे आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत. गोलाकार रचलेले मोठे दगड, आत माती-मुरमाची भर आणि तिच्याखाली अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी असे त्यांचे स्वरूप असते. डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या उत्खननांत माहुरझरीला घोड्याचे तांब्याचे अलंकार मिळाले, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. त्या समाजात समता नांदत होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. घोडा आणि अलंकार सर्वांच्याच वाट्याला येत नसणार. तरीही भट्टीपाशी राबणारा माणूस येथे मातीखाली पुरता हरवलेला नाही.

हा वारसा शेतांत, पडीत जमिनींत आणि झुडपी जंगलांत विखुरलेला आहे. नांगरटीत दगड हलतात. मुरूम आणि गिट्टीच्या खाणींत वर्तुळेच्या वर्तुळे नाहीशी होऊ शकतात. दोष मात्र शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे असते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्थळाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. हे निर्बंध अनाठायी नाहीत. परंतु वारशाचा लाभ साऱ्या समाजाला आणि घर वाढविता न येण्याचा तोटा एका अल्पभूधारक कुटुंबाला, ही वाटणी न्याय्य नव्हे. चीनमध्येही ज्यांच्या विहिरीतून ती सेना वर आली, त्या गावकऱ्यांच्या जमिनी संग्रहालयासाठी गेल्या. पर्यटनाचा पैसा प्रामुख्याने इतरांकडे वळला.

वारसा सार्वजनिक असेल, तर त्याचा भारही सार्वजनिक तिजोरीनेच उचलला पाहिजे. निर्बंधांमुळे नुकसान होणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई मिळावी. महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याने रोजगाराची हमी दिली. पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली कुंपण घालणे, झुडपे काढणे ही कामे त्या तत्त्वावर गावच्याच मजुरांना देता येतील. राखणदारही गावचाच असावा.

कार्यकर्त्यांनी वरून येणाऱ्या आदेशाची वाट पाहू नये. गावोगावच्या शिलावर्तुळांची गणना करावी, ती ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घ्यावी आणि खाणीच्या परवान्यापूर्वी ती नोंद अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. सम्राटांच्या थडग्यांना राखणदार मिळतात. अनाम माणसांच्या दफनांची राखण संघटित जनतेलाच करावी लागेल, आणि ती करताना जिवंत माणसाच्या भाकरीचा विसर पडता कामा नये.