दोन संचांतले एक इंजिन
(हीरकमहोत्सवी प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



दहावीतील एका विद्यार्थ्याने दोन निरनिराळ्या संचांचे भाग जोडून डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाची प्रतिकृती मांडली आहे. ‘ही उसनवारी आहे, स्पर्धेत नको,’ असा आक्षेप काही पालकांनी घेतला. तो मला मान्य नाही. मूळ इंजिनच अल्को या अमेरिकी कंपनीच्या आराखड्याचे. १९६२ मध्ये ते भारतात आले. अल्कोच्या काही अमेरिकी इंजिनांनाही हीच तीन आसांची बोगी होती, आसांमधील असमान अंतरासकट. हे हुडकून त्याने बोगी एका संचातून घेतली, हूड दुसऱ्यातून कापले आणि चालकाची केबिन प्लास्टिकच्या पत्र्यातून स्वतः घडवली.

एक उणीव राहिली. १:८७ या प्रमाणात आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १९ मिलिमीटरहून थोडा अधिक भरतो; बाजारात मिळणारा रूळ मात्र साडेसोळाचा. ही तफावत त्याने तक्त्यावर स्वतःच नोंदवली आहे. रेल्वेची मानके जिथे ठरतात त्या मानकनगरच्या शेजाऱ्यांना मापाची महती मी काय सांगावी!

प्रतिकृती स्पर्धेत राहील. परीक्षकांनी तो तक्ता आधी वाचावा, एवढीच विनंती.