आकाशांतील बैलगाडी

बदनापूर हें मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील जालना जिल्ह्यांतील गांव. एके काळीं तेथील शिवारांतला माल स्थानकापर्यंत बैलगाडीनें येई आणि मग आगगाडीनें दूर जाई. आगगाडी शेंकडों मैल धांवे. पण रूळ संपले कीं काळ्या मातीच्या चिखलांत ती एक हातही पुढें सरकत नसे. तेथें बैलगाडीच हवी. हवाई दलांत बैलगाडीचा हा मान दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉप मालवाहू विमानाचा आहे.

जेटच्या युगांत पंख्याचें विमान कशाला, असें श्रोत्यांना वाटेल. जेट विमानांत तप्त वायूंचा झोत वेगानें मागें सुटतो व विमान पुढें ढकललें जातें. टर्बोप्रॉपमध्यें तोच तप्त वायु एक चक्र फिरवितो आणि चक्राची शक्ति दंतचक्रांच्या योगें पुढच्या पंख्यास मिळते. पंखा पुष्कळ हवा बेताच्या गतीनें मागें लोटतो. त्यामुळें कमी वेगांत ओढ अधिक व इंधनाचा खर्च कमी. असें विमान आखूड, कच्च्या धांवपट्टीवरूनही उठूं शकतें.

31 मे 2008 रोजीं भारतीय हवाई दलाचें एएन-32 विमान लडाखमधील दौलत बेग ओल्डीच्या कच्च्या पट्टीवर, सुमारें 16,600 फूट उंचीवर उतरलें. तेथील हवा इतकी विरळ कीं इंजिनाची शक्तिही घटते. या कामांत धोका किती, तें 3 जून 2019 रोजीं दिसलें. आसामांतील जोरहाटहून अरुणाचलांतील मेचुकाकडे निघालेलें याच जातीचें विमान डोंगरांत कोसळलें आणि त्यांतील तेराही जण मृत्युमुखीं पडले.

असें वाहन दुसऱ्याच्या हातीं ठेवून चालत नाहीं. 2009 सालीं शंभराहून अधिक एएन-32 विमानांच्या नूतनीकरणाचा करार युक्रेनशीं झाला. 2014 पासून तेथें संघर्ष पेटला व सुट्या भागांसाठीं खोळंबा झाला. त्यापूर्वीं, 1961 सालीं, कानपुरांत जुळविलेल्या पहिल्या अ‍ॅव्हरो विमानानें उड्डाण केलें होतें. त्या जातीच्या विमानांना वय झालें, आणि शेपटीकडून उघडणारा उतरता दरवाजाही त्यांना नव्हता. त्यांच्या जागीं 2021 सालीं 56 सी-295 विमानांचा करार झाला. सोळा स्पेनमध्यें तयार होऊन आलीं. चाळीस बडोद्यास टाटांच्या कारखान्यांत बांधावयाचीं ठरलीं. गायकवाडांच्या या नगरींत मराठी घरें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं आहेत. तेथील कारखान्याचें उद्घाटन 28 ऑक्टोबर 2024 रोजीं झालें. त्याच महिन्याच्या 11 तारखेस नवी मुंबईच्या नव्या धांवपट्टीवर पहिलें उतरलेलें विमानही सी-295 च होतें.

बैलगाडीचा आंस मोडला तर गांवचा सुतार तो बसवी. म्हणून हंगाम अडत नसे. ज्या वाहनावर सीमेवरील शिपायाचें अन्न व औषध अवलंबून, त्याचा सुतारही घरचाच असावा, हाच या सर्व खटाटोपाचा अर्थ.