खिडक्या मोठ्या, पण बंद



जुन्या गिरण्या दुरुस्त करून त्यात घरं काढतात, हे तुम्ही ऐकलं असेल. अशा घरांना लॉफ्ट म्हणतात. उंच छत, उघड्या विटा, मोठ्या खिडक्या. दिसायला छानच! पण खिडक्या एवढ्या मोठ्या का, हे आज आपण बघू.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉवेल शहर आहे. तिथे मेरिमॅक नदीकाठी १८३५ साली बूट कापडगिरणी निघाली. बूट हे एका व्यवस्थापकाचं आडनाव. विजेचे दिवे नव्हते, म्हणून मागावर उजेड पडावा यासाठी या खिडक्या. पण त्या बंद ठेवायच्या! हवा दमट राहिली तर सूत तुटत नाही. आत कापसाची धूळ, मागांचा खडखडाट आणि रोज बारा तासांहून जास्त काम.

काम करणाऱ्या कोण? बहुतेक शेतकऱ्यांच्या लेकी. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं. आणि कापूस यायचा तो दक्षिणेकडच्या गुलामांच्या कष्टातून.

लॉवेलच्या या मुली गप्प बसल्या नाहीत. १८३४ साली मजुरी कमी केली तेव्हा त्यांनी संप केला. १८३६ साली राहण्याजेवण्याचा खर्च वाढवला तेव्हा पुन्हा केला. पुढे त्यांनी स्वतःची संघटना काढली, सारा बॅगली तिच्या अध्यक्षा. दहा तासांच्या दिवसासाठी सह्या गोळा केल्या, १८४५ साली विधिमंडळाच्या समितीपुढे उभं राहून हकिगत सांगितली. तेव्हा ऐकलं नाही. बायका आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा व्हायला १८७४ उजाडलं.

आज त्या गिरणीच्या आवारात राहती घरं आहेत आणि संग्रहालयही. तिथे माग चालवून दाखवतात. त्या मुलींचं जगणं आज कळतं, कारण त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. त्यांच्या लेखनाचं मासिकसुद्धा निघायचं.

आपण गटाच्या वहीत बचत लिहितो, कर्ज लिहितो. कष्ट मात्र लिहीत नाही. गावातला बंधारा, शाळेची भिंत, रस्ता, यांवर कोणाकोणाच्या हातांनी माती वाहिली? पुढच्या बैठकीत वयस्कर बायांना विचारूया. त्यांची नावं, मजुरी, हकिगत वहीत उतरवूया. भिंत राहते, पण ती कोणी उभारली हे भिंत सांगत नाही. ते आपणच सांगायचं.