काळ्या-पांढऱ्या फिल्मचा जमाखर्च

जुन्या घरातील कपाट आवरताना कधीकधी कापडात गुंडाळलेला एखादा कॅमेरा हाती लागतो. आजोबांनी तो मोठ्या हौसेने घेतलेला असतो. घरातील मुलगा किंवा मुलगी तो पुसून घेते, शटर दाबून पाहते, ते अजून चालते असे दिसताच हरखून जाते. आणि मग पहिला व्यवहारी प्रश्न उभा राहतो. यात घालावयाची काळी-पांढरी फिल्म कोणती घ्यावी, आणि तीही खिशाला परवडेल अशी? आजच्या भाषणात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

खिशातल्या मोबाईलवर फुकट छायाचित्रे निघत असता हा खर्च कशाला, असे वडीलधारी माणसे विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यास आम्हां इंदूरकरांना दूर जावयास नको. बडा गणपतीपासून मल्हारगंज, गोराकुंड यांवरून राजवाडा आणि पुढे कृष्णपुऱ्याकडे जाणारा रस्ता २०२० नंतरच्या वर्षांत रुंद करण्यात आला. त्यासाठी कित्येक जुन्या घरांचे दर्शनी भाग उतरवावे लागले. ज्या ओट्यांवर तीन-तीन पिढ्या बसल्या, ते ओटे गेले. रस्ता किती रुंद असावा हा वाद येथे नको. परंतु घराचा चेहरा बदलतो तेव्हा त्याची आठवण कशावर ठेवावयाची, हा प्रश्न उरतोच. मोबाईलमधील हजार चित्रे फोन बिघडला की एका क्षणात दिसेनाशी होतात. उलट, नीट धुतलेली आणि कोरड्या जागी ठेवलेली काळ्या-पांढऱ्या फिल्मची निगेटिव्ह शंभर वर्षे टिकू शकते, आणि ती पाहण्यास खिडकीतला उजेड पुरतो. कारण तिच्यावरील चित्र शुद्ध चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यांसारखे ते सहजी विटत नाही.

या कलेचे आणि इंदूरचे नाते जुने आहे. सरधना येथे १८४४ साली जन्मलेले लाला दीनदयाळ रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस आले. येथेच ते छायाचित्रणाकडे वळले. महाराजा दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली यांचे उत्तेजन त्यांना लाभले. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. त्या काळी चित्र काचेवर घेत. मोठी, जड, महाग काच. एक चित्र बिघडले की एक काच वाया. साहजिकच काचेस उजेड दाखवण्यापूर्वी विचार पुरा करावा लागे. काटकसर ही या कलेत अगदी आरंभापासून आहे. आणि ती विचाराची काटकसर आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आता आजच्या बाजाराकडे वळू. एके काळी स्वस्त फिल्म म्हणजे आपल्या देशातली ‘इंदू’. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि १९६७ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. त्याच काळात पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ही आपल्याकडे पुष्कळ खपे. पुढे हा कारखाना तोट्यात गेला आणि अखेर बंद पडला. आज काळ्या-पांढऱ्या छायाचित्रणाची फिल्म आपल्याकडे परदेशातून येते. म्हणून तिच्या किमतीत वाहतूक, जकात आणि रुपयाचा भाव ही तिन्ही ओझी असतात. जुन्या पेटीत सापडलेले ‘इंदू’चे रोल कुणी स्वस्तात देऊ केले, तर ते गंमत म्हणून जरूर घ्यावेत, पण ज्या प्रसंगाचे चित्र पुन्हा मिळणार नाही तेथे ते वापरू नयेत. अनेक उन्हाळे पाहिलेल्या फिल्मवर धुके चढते आणि तिची संवेदनक्षमता कमी होते.

परवडणाऱ्या नव्या फिल्मांत दोन नावे प्रामुख्याने घ्यावी लागतात. पहिले ‘फोमापान’. चेक देशातील हराडेक क्रालोवे या गावी फोमा कंपनी १९२१ पासून आहे. दुसरे ‘केंटमिअर’. ही फिल्म इंग्लंडमध्ये ‘इल्फर्ड’च्याच कारखान्यात तयार होते. यांच्या वरच्या पायरीवर इल्फर्डची ‘एफपी-४’ आणि ‘एचपी-५’ व कोडॅकची ‘ट्राय-एक्स’ या प्रतिष्ठित फिल्म आहेत. स्वस्त आणि महाग यांत भेद कोणता? महाग फिल्म चुका अधिक पोटात घालते. एचपी-५ ही ४०० ची फिल्म १६०० समजून वापरली आणि त्या मानाने अधिक वेळ धुतली, तरी चित्र हाती लागते. फोमापान ४०० चे तसे नाही. डब्यावर ४०० लिहिलेले असले, तरी सावलीतील तपशील हवा असेल तर ती २०० किंवा २५० ची समजून चालावे, असाच बहुतेकांचा अनुभव आहे. शिवाय दिवे, आरसे, चकाकती भांडी यांच्याभोवती स्वस्त फिल्मवर प्रभा पसरलेली दिसते. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला तो दोष राहत नाही. तो त्या फिल्मचा स्वभाव ठरतो.

लांब प्रकाशनाचेही तेच. एखाद्या मंदिराच्या गाभाऱ्यात, अर्थात परवानगी असेल तेव्हा, मीटर दहा सेकंद दाखवीत असेल, तर फोमापान १०० ला त्याच्या आठपट, म्हणजे ऐंशी सेकंद द्यावे लागतात. उत्पादकाच्या कागदावर हे स्पष्ट छापलेले असते. तो कागद न वाचणाऱ्याला ती फिल्म महाग पडते.

येथे थोडे गणित करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो. समजा, एक रोल सहाशे रुपयांना मिळतो आणि दुसरा नऊशेंना. दोन्हींत छत्तीस चित्रे. पहिल्या रोलचा स्वभाव आपल्याला ठाऊक नाही. म्हणून त्यातली बाराच चित्रे धड निघाली. चांगले चित्र पन्नास रुपयांना पडले. दुसरा रोल ओळखीचा; त्यातली चोवीस निघाली. चित्र साडेसदतीस रुपयांना पडले. हेच उलट झाले, ओळख स्वस्त रोलशी असली, तर तेच चित्र पंचवीस रुपयांत मिळेल. तेव्हा किंमत डब्यावर पाहू नये, चांगल्या चित्रामागे मोजावी. धुलाईचा खर्च तर दोन्हींकडे सारखाच असतो.

फिल्म निवडताना आपला कॅमेराही पाहावा लागतो. बडोद्यास तयार झालेला आग्फा क्लिक-३ अजून अनेक घरांत आहे. त्यात १२० नंबरचा रोल जातो आणि बारा चित्रे निघतात. त्याचे शटर एकाच, बेताच्या गतीचे. माळव्यातील भर उन्हात त्यात ४०० ची फिल्म घातली, तर प्रकाश गरजेपेक्षा फार होतो. तेथे १०० ची फिल्मच योग्य. ज्या कॅमेऱ्यात गती आणि छिद्र बदलता येते, त्याच्यासाठी जुना नियम सोपा आहे. स्वच्छ उन्हात छिद्र सोळावर ठेवावे आणि फिल्मचा जो आकडा, साधारण तितक्याव्या अंशाचा सेकंद द्यावा. १०० च्या फिल्मला सेकंदाचा सव्वाशेवा भाग, ४०० ला पाचशेवा. उन्हातील घरे, रस्ते, यात्रा यांसाठी १००. घरातील माणसे, वर्ग, सायंकाळ यांसाठी ४००. प्रथम कम्युनियनच्या दिवशी चर्चच्या अंगणात पांढऱ्या पोशाखातील मुली उभ्या असतात, तेव्हा मीटर त्या पांढऱ्या रंगाने फसते आणि कमी प्रकाश सुचवते. अशा वेळी छिद्र एक-दीड घर अधिक उघडावे, म्हणजे चेहरे काळे पडत नाहीत.

आता धुण्याविषयी. एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. चांदीची साधी काळी-पांढरी फिल्म रंगीत रोल धुणाऱ्या यंत्रात कधीही देऊ नये. रंगीत धुलाईत चांदी काढून टाकतात, आणि येथे तर चित्रच चांदीचे. परत येते ती कोरी पट्टी. म्हणून दुकानात रोल देताना स्पष्ट विचारून घ्यावे. आणि जमल्यास घरीच धुवावे. खरी बचत तेथेच आहे. डी-७६ हा डेव्हलपर शंभर वर्षांच्या घरात आला, आणि त्याची कृती गुपित नाही: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉलने काहींच्या त्वचेस खाज येते. म्हणून हातमोजे घालावेत, बाटलीवर नाव लिहावे आणि ती मुलांच्या व स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर ठेवावी.

धुण्याचे वेळापत्रक २० अंश तपमान धरून दिलेले असते. इंदूरच्या मे महिन्यात नळाचे पाणीच त्याहून पुष्कळ गरम येते. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करावी, किंवा वेळ कमी करावा. २० अंशांस दहा मिनिटे असतील तर २४ अंशांस साधारण सात पुरतात. मात्र डेव्हलपर थंड आणि धुण्याचे पाणी गरम असे करू नये. एकदम तपमान बदलले की फिल्मवरील नाजूक थर सुरकुततो. न वापरलेले रोल हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावेत, आणि बाहेर काढल्यावर तासभर थांबून मगच डबा उघडावा, नाहीतर दव धरते.

ज्यांच्या घरी दोघेतिघे हौशी आहेत, किंवा शाळेत मुलांचा गट आहे, त्यांनी शंभर फुटांचे मोठे रीळ वर्गणीने घ्यावे. साडेतीस मीटरच्या त्या रिळातून छत्तीस चित्रांचे सुमारे अठरा रोल भरता येतात आणि प्रत्येक रोल बहुधा सुट्यापेक्षा स्वस्त पडतो. रिकाम्या डब्या फेकू नयेत. त्या पुन्हा भरता येतात.

शेवटी, श्रोतेहो, निवड कशी करावी? परवडणाऱ्या दोन-तीन फिल्मांपैकी जी आपल्या गावी नियमित मिळते ती एक धरावी, आणि वर्षभर दुसरीकडे पाहू नये. प्रत्येक चित्रामागे छिद्र, गती आणि उजेड वहीत टिपावा. पाच-सहा रोल झाले की ती फिल्म आपल्याला ओळखू येते, जशी वर्गातील मुले सहामाहीपर्यंत शिक्षकाला ओळखू येतात. मग एका दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, ऊन अजून तिरपे असताना, आपल्या गल्लीतील जे घर अजून जुन्या चेहऱ्याने उभे आहे त्याच्यापुढे जावे, दारातील आजींना नमस्कार करून परवानगी घ्यावी, आणि एकच चित्र घ्यावे. त्याची एक प्रत त्या घरी नेऊन द्यावी, मागे तारीख व पत्ता लिहून. निगेटिव्ह आपल्यापाशी जपावी. एवढे केले म्हणजे रोलचे पैसे सार्थकी लागले असे खुशाल समजावे.